जम्बो बॅग, पट्टे, चिंध्या: माल वेगळा करूनच का मागतो

वापरून झालेल्या बॅगा, पट्टे वितळवून आम्ही त्यांचा पुन्हा प्लॅस्टिकचा दाणा पाडतो. चाकण-रांजणगावहून मालाची गाडी येते, काट्यावर वजन होतं आणि संध्याकाळी फोन येतो, "मागच्या वेळेपेक्षा रेट कमी कसा?" बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: एका गोणीत दोन प्रकारचा माल निघाला. "सगळं प्लॅस्टिकच तर आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी हे पत्रक.

जम्बो बॅग म्हणजे टनभर माल मावणारी मोठी विणलेली गोणी; तिचं कापड पीपीचं, म्हणजे पॉलिप्रोपिलीनचं. ते १६० ते १६५ अंशांना वितळतं, आम्ही ते २२०-२३० वर चालवतो. लॅशिंग बेल्ट (माल बांधायचे पट्टे), सीट बेल्ट, बहुतेक स्लिंग (माल उचलायचे पट्टे) पॉलिएस्टरच्या. त्यांना २५० च्या वर लागतं. पीपीच्या लॉटमध्ये हातभर पट्टा जरी गेला तरी तो वितळत नाही. त्याचे तंतू सुटतात आणि वितळलेला माल गाळायच्या जाळीवर लोकरीसारखा थर धरतात. प्रेशर चढतं, मशीन थांबवून जाळी बदलावी लागते. तापमान वाढवा म्हणाल, तर २७० ला पीपी धुरावतो, पिवळा पडतो आणि तरीही दोघं एकजीव होत नाहीत. डायच्या (मशीनच्या तोंडाशी असलेल्या साच्याच्या) भोकांतून निघणाऱ्या शेवया पाण्याच्या टाकीतच तुटतात. कटरपर्यंत पोचल्याच नाहीत तर दाणा कसला पडणार? मिक्स माल निवडायला माणसं बसतात, त्यांची मजुरी रेटमधून जाते. हा दंड नाही, हिशेब आहे.

ओळखायचं कसं? दोन बोटं रुंद तुकडा घ्या, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि तुकडा पाण्याखाली धरून पिळा. पिळणं विसरू नका. विणीत हवा अडकते आणि पॉलिएस्टरही तरंगल्याचं सोंग करतं. तरंगला तर पीपी. बुडाला तर लिटरभर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका: वर आला तर नायलॉन, तिथेही बुडाला तर पॉलिएस्टर. जाड कोटिंग असेल तर या परीक्षेवर विसंबू नका, नमुना आमच्याकडे द्या.

जम्बो बॅगचे लूप (उचलायचे पट्टे) कापत बसू नका, ते सहसा पीपीचेच असतात. आतला लायनर (आतली पातळ पिशवी) मात्र ओढून काढा, तो पॉलिथिनचा. कागदांचा खिसाही फाडा. शिवणीचा दोरा कधी पॉलिएस्टरचा असतो, तेवढं आम्ही सांभाळतो. सीट बेल्टचं बकल काढाच, एका बकलने श्रेडरची (माल फाडणाऱ्या मशीनची) पाती जातात.

ट्रकचं पीव्हीसी कोटिंगचं कव्हर कुठल्याच गोणीत नको. तापल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते; स्क्रू-बॅरल गंजतं आणि सोबतच्या पॉलिएस्टरचीही वाट लागते.

पावसाळ्यात माल ताडपत्रीखाली ठेवा. पीपीत पाणी म्हणजे फक्त वजन. तुमच्या ड्रायव्हरसमोर नमुना ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा तोलतो आणि तेवढंच कापतो. पॉलिएस्टरचं तसं नाही. वितळताना पाणी त्याच्या रेणूंची साखळी तोडतं, म्हणून तो टनाला ५० ग्रॅम पाण्याच्या खाली सुकवावा लागतो. बाहेर वर्षभर उन्हात पडलेली बॅग मुठीत चुरगाळून बघा; भुकटी सुटली तर तिला भाव नाही.

तेल, रंग किंवा केमिकल लागलेलं फिल्टर कापड आणि बॅगा घेत नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार तो घातक कचरा ठरू शकतो आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच जायला हवा. धुऊन आणलात तरी ते पाणी कुठे गेलं, हा प्रश्न उरतोच.

"हाच दाणा आमच्या मोल्डिंगला चालेल का?" जम्बो बॅगच्या दाण्याचा मेल्ट फ्लो (वितळल्यावर माल किती सहज वाहतो त्याचं माप) ३ ते ५ च्या आसपास असतो. जाड पॅलेट, ब्लॉक यांना उत्तम. पातळ डब्याचा साचा भरणार नाही, त्यासाठी जास्त फ्लोच्या मालात मिसळून देतो. सीट बेल्टचं सूत जादा ताकदीचं, त्याची साखळी कपड्याच्या पॉलिएस्टरपेक्षा लांब. तो पट्टा निराळा ठेवलात तर रेटही निराळा मिळेल.

नवा माल असेल तर गाडी भरण्याआधी पाच किलो नमुना पाठवा. गोणीवर मार्करने पीपी, नायलॉन की पॉलिएस्टर ते लिहा. कळत नसेल तर "माहीत नाही" लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते आम्हाला परवडतं.