'कपटी' चहा: इंग्रजी ऐकू येतं, मग कळत का नाही?

माझी भाची ऑस्ट्रेलियाला शिकायला जायच्या तयारीत आहे. मध्यंतरी एका रविवारी तिने आयेल्ट्सची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, सराव परीक्षा सोडवली, त्यात 'लिसनिंग'ची ४० पैकी १३ उत्तरं चुकली. "मामा, ऐकू येतं रे सगळं, कळत नाही," म्हणाली. तिची आई तर कानाच्या डॉक्टरकडे न्यायला निघाली होती. पोरगी पहिलीपासून इंग्रजी माध्यमातली, इंग्रजी मालिका रात्र रात्र बघणारी. त्या ती सबटायटल्स लावून बघते, म्हणजे काम डोळे करतात आणि कान नुसते सोबतीला असतात, हे मला मागाहून कळलं.

तिचं वाक्य मात्र शास्त्राच्या दृष्टीने अगदी नेमकं आहे. बोलताना दोन शब्दांमध्ये जागा असते, हा समज आपल्याला छापील पुस्तकांनी करून दिलाय. 'प्रात' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं. त्यात मी स्वतःच्या आवाजात 'पुणे स्टेशन' रेकॉर्ड करून तिला दाखवलं. 'पुणे'चा 'ए' जिथे संपतो तिथेच 'स'ची खरखर सुरू होते, मध्ये फट नाही. फट दिसते ती 'स' आणि 'ट' यांच्या मध्ये, म्हणजे चक्क शब्दाच्या पोटात! 'ट' म्हणताना जीभ टाळूला टेकते, हवा अडते आणि सेकंदाच्या विसाव्या-पंधराव्या भागापुरती पूर्ण शांतता होते. शेअर रिक्षावाला 'स्टेशनस्टेशनस्टेशन' ओरडतो तेव्हा आपण त्याचे तुकडे पाडतो ते कानाने नाही, मराठी येतं म्हणून. १९६४ साली पोलॅक आणि पिकेट या संशोधकांनी लोकांच्या चालू बोलण्यातून सुटे शब्द कापून ऐकवले, तर ऐकणाऱ्यांना जेमतेम निम्मे ओळखता आले. तेही स्वतःच्याच भाषेतले.

आता इंग्रजीची खोड बघा. आपण 'अ कप ऑफ टी' हे चार शब्द चार नाणी मोजल्यासारखे म्हणतो. लंडनचा माणूस म्हणतो 'अ कपटी'. त्याने 'ऑफ' गिळला नाही, आखूड केला. इतका, की आपल्या 'अ'सारखा एक पुसट स्वर तेवढा उरला. भाषाशास्त्रात याला 'श्वा' म्हणतात, आणि इंग्रजी बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर हाच. 'टू', 'फॉर', 'अ‍ॅट', 'वॉज' असे बारीकसारीक शब्द वाक्यात आले की त्यांचा मूळ स्वर जातो आणि श्वा राहतो. आपणही 'कुठे चालला आहेस'चं 'कुठं चाललायस' करतोच, पण मराठीत शब्दाच्या अवयवांचा, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांचा (इंग्रजीत 'सिलॅबल'), वेग साधारण सारखा राहतो. इंग्रजीत जोर पडलेला अवयव ऐसपैस बसतो आणि शेजारच्यांना अंग चोरून घ्यावं लागतं. जोराचे ठोके घड्याळासारखे समान अंतरावर पडतात असं पूर्वी म्हणत. मोजमापात ते टिकलं नाही. ठोके मात्र आहेत, आणि इंग्रज कान त्यांच्याच आधाराने शब्द कापतो. अ‍ॅन कटलर या भाषावैज्ञानिक बाईंनी दाखवलं की इंग्रजी बोलण्यातले दहापैकी सुमारे नऊ अर्थवाही शब्द ठसठशीत अवयवानेच सुरू होतात. म्हणजे ठोका ऐकू आला की 'नवा शब्द सुरू झाला' असं समजायचं. बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. मराठीत जोर बदलला तरी शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला ही खूण पाळायची सवयच नसते.

भाचीच्या तेरा चुकांपैकी तीन इथल्याच होत्या. 'कॅन' आणि 'कॅन्ट' ओळखायला ती शेवटच्या 'ट'ची वाट बघत बसली. अमेरिकन माणूस तो 'ट' घशातच ठेवतो. फरक असतो स्वरात: 'येऊ शकतो' म्हणताना 'आय कन् कम', 'नाही' म्हणताना पूर्ण, ठळक 'कॅन्'. आणि 'फिफ्टीन मिनिट्स'मधला 'न' पुढच्या 'म'मध्ये विरघळतो, वर जोरही पुढे सरकतो, मग ते 'फिफ्टी'सारखं वाटलं तर कानाला दोष कसा द्यायचा?

तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात आली होती: झोपताना हेडफोन लावा, २१ दिवसांत इंग्रजी कानात भिनेल. कढी भिनते तशी भाषा भिनत नाही. १९५६ मध्येच सायमन आणि एमन्स यांनी झोपलेल्यांच्या मेंदूच्या लहरी मोजत उत्तरं ऐकवली होती. जे खरोखर गाढ झोपले होते त्यांना सकाळी काहीही आठवलं नाही. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, ते वेगळं. त्यासाठी हेडफोन लागत नाही, झोप लागते. स्वयंपाक करताना मागे इंग्रजी बातम्या लावून ठेवणं हाही त्या जाहिरातीच्याच जातीचा प्रकार.

आम्ही ठरवलं ते असं. लिखित मजकूर हाताशी असलेलं रेकॉर्डिंग घ्यायचं आणि त्यातला वीस सेकंदांचा तुकडा ऐकून शब्दन् शब्द लिहायचा. मग मजकुराशी ताडून बघायचं, आणि जिथे चुकलं तिथे नेमकं काय आखूड झालं, काय कशात मिसळलं, ते शोधून पुन्हा ऐकायचं. परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, पण प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला वेळ मिळतो, तो तिने आजवर पेन्सिलला टोक करण्यात घालवला होता. १९७० मध्ये रिचर्ड वॉरेन यांनी एका वाक्यातला एक आवाज कापून तिथे खोकला चिकटवला. वीसपैकी एकोणीस जणांना वाक्यात काही गाळलंय हे कळलंच नाही. मेंदू अपेक्षेने भोकं बुजवतो. रिकाम्या जागेत तारीख येणार की आडनाव, हे आधी माहीत असेल तर तो बरोबर बुजवतो.

दोन आठवडे झाले. काल तिने माझंच बोलणं चोरून रेकॉर्ड केलं आणि 'प्रात'मध्ये उघडून दाखवलं. "मामा, तू सदाशिव पेठेतला ना? मग 'काय म्हणतेस'मधला 'ण' कुठाय?" शोधला. तिथे 'न' होता.