आवाज नेमका कुठे मुरतो?

घरी बांधलेल्या ट्रान्सीव्हरमधून (बोलायचा आणि ऐकायचा असा एकत्र रेडिओ) आवाज हळू आला की बहुतेक हॅमचा, म्हणजे छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्याचा, पहिला संशय शेवटच्या चिपवर. स्पीकर चालवणारी ही एलएम३८६ बदलतात, पुढे आणखी एक ॲम्प्लिफायर जोडतात, आणि वाढते ती फक्त खरखर. सिग्नल वाटेतच मुरला असेल तर पुढे फुगवायला उरतो तो गोंगाट. मोबाइलच्या पाठीवर चिकटवायचे 'सिग्नल बूस्टर' स्टिकर विकत घेणाऱ्यांना आपण हसतो, पण हा त्याचाच सोल्डर केलेला भाऊ.

हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी २००३च्या सुमारास बिटएक्स हा घरी बांधता येणारा ट्रान्सीव्हर आखला. नळाच्या वायसरवर गुंडाळलेल्या कॉइल, बाजारात सहज मिळणारे ट्रान्झिस्टर. तेव्हापासून आपल्याकडे अनेकांनी तो बांधला. अशा सेटचा हिशेब साधा आहे. अँटेनावरचा एस-९, म्हणजे चांगला जोरदार, सिग्नल ५० मायक्रोव्होल्टचा. स्पीकरला अर्धा व्होल्ट मिळाला तर खोलीत नीट ऐकू येतं. म्हणजे वाढ दहा हजारपट.

शेवटच्या टप्प्याची परीक्षा बोटाने होते. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर ठेवून व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला हात लावा. जोरात घुरघुर आली तर ऑडिओ ठीक. मिणमिणीत आली तर एलएम३८६च्या १ आणि ८ नंबरच्या पायांमधला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तपासा. तो असला तर वाढ २००पट, सुटला तर २०पट. मग अँटेना काढून पुन्हा लावा. ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) ती लावताच खरखर वाढायलाच हवी. नाही वाढली, तर पाणी मुरतंय ते आधीच्या भागात, आणि माझा संशय दर वेळी मिक्सरवर, म्हणजे दोन लहरी मिसळून तिसरी काढणाऱ्या भागावर जातो.

बिटएक्स-४०मध्ये ७.१ मेगाहर्ट्झच्या सिग्नलशी ४.९ मेगाहर्ट्झचं ऑसिलेटर (सेटमध्येच लहर तयार करणारं सर्किट) मिसळून १२ मेगाहर्ट्झ मिळवतात, कारण हवं तेवढंच स्टेशन गाळून घेणारा क्रिस्टल फिल्टर तिथला आहे. पण दोन लहरी नुसत्या एका तारेत सोडल्या तर त्या शेजारी शेजारी नांदतात, तिसरी जन्मत नाही. त्यासाठी सिग्नल सेकंदाला ४९ लाख वेळा उलटसुलट करावा लागतो. ते काम डायोडचं. सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टला उघडतो. आपला सिग्नल त्याचा दहा हजारावा भागही नाही. तेव्हा डायोड उघडायचे ते ऑसिलेटरनेच. अशा मिक्सरला ७ डीबीएम, म्हणजे ५ मिलिवॉट लागतात: ५० ओहमवर शिखराला ०.७ व्होल्ट. हे निम्मं झालं की डायोड धड उघडतही नाहीत, मिटतही नाहीत. धडधाकट मिक्सरही सिग्नलचा व्होल्टेज निम्म्यावर आणतो. उपाशी मिक्सर त्याहून कितीतरी जास्त गिळतो. शिवाय असे मिक्सर दोन, दुसरा बीएफओच्या, म्हणजे सिग्नलमधून आवाज परत काढायला मदत करणाऱ्या दुसऱ्या ऑसिलेटरच्या, जिवावर चालणारा. दोन्ही उपाशी असतील तर नुकसानाचा गुणाकार होतो. जवळचं दणदणीत स्टेशन फाटक्या आवाजात आलं तर ही खूण समजा.

मल्टिमीटरची एसी रेंज इथे निरुपयोगी, ती ५० हर्ट्झसाठी. जर्मेनियम डायोड आणि छोटा कपॅसिटर यांचा आरएफ प्रोब (रेडिओ लहरीचं डीसी करून देणारी जोडणी) करून डीसी रेंजवर मोजा. ऑसिलेटर अशक्त निघाला तर बहुधा दोष मिक्सरच्या ट्रान्सफॉर्मरचा: तारेवरचं एनॅमल नीट खरवडलेलं नसतं, किंवा पिळलेल्या तीन तारांपैकी एकीची टोकं उलटी जोडलेली असतात.

दोन्ही ऑसिलेटर भरपूर असूनही आवाज कमीच असेल, तर बीएफओ फिल्टरच्या कडेपासून लांब सरकलाय का ते पाहा. तसं असेल तर माणसं बारीक आणि किनरी बोलतात.