एका टक्क्याचा माग

रक्तातली एक पांढरी पेशी जिवाणूच्या मागे लागली आहे. तो जीव घेऊन पळतो आहे, ती तांबड्या पेशींना रेटत वळणं घेते, शेवटी त्याला गाठते आणि गिळून टाकते. ही कृष्णधवल चित्रफीत तुमच्याही फोनवर कधीतरी आली असेल. बहुधा ‘आपल्या शरीरातला सैनिक’ अशा मथळ्यासकट आणि खाली प्रतिकारशक्ती ‘वाढवणाऱ्या’ कसल्याशा गोळ्यांची जाहिरात जोडून. चित्रफीत खरी आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी ती टिपली. खोटं आहे ते जिवाणूचं पळणं. तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस आहे आणि त्याला पोहताच येत नाही. आजूबाजूच्या धक्क्यांनी तो इकडेतिकडे ढकलला जातो, इतकंच. पाठलाग मात्र अस्सल आहे, आणि तो करणाऱ्या न्यूट्रोफिलला (हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) डोळे नाहीत, नाक नाही, मेंदूचा तर प्रश्नच नाही.

जिवाणू आपली प्रथिनं बांधायला घेतात तेव्हा पहिली वीट ठरलेली असते: फॉर्मिल गट लावलेलं मेथिओनिन हे अमिनो आम्ल. आपल्या पेशी तशी सुरुवात करत नाहीत (एक अपवाद आहे, त्याकडे येऊच). त्यामुळे जिवाणूंकडून बाहेर पडणारे अशा प्रथिनांचे तुकडे ही परक्याची खूण ठरते. न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावर हे तुकडे पकडणारे हजारो ग्राही रेणू असतात. जिवाणूजवळ तुकडे दाट, लांब जावं तसे विरळ. हा उतार चढत गेलं की जिवाणू सापडतो.

सांगायला सोपं आहे. पण पेशी असते जेमतेम १० ते १५ मायक्रोमीटर रुंद. एवढ्याशा अंतरात संहतीत, म्हणजे तुकड्यांच्या दाटपणात, फरक पडून पडणार तो किती? पेशीशास्त्रज्ञ सॅली झिगमंड यांनी १९७७ साली दाखवलं, की पेशीच्या दोन टोकांना सुमारे १ टक्का फरक असला तरी तिला दिशा कळते. समजा, मागच्या अर्ध्या भागात ५००० ग्राही भरलेले आहेत आणि पुढच्या भागात ५०५०. रेणू सतत चिकटतात आणि सुटतात, त्यामुळे नुसत्या योगायोगानेच हा आकडा सत्तरेकाने वरखाली होत राहतो. म्हणजे ५० चा खरा फरक ७० च्या गोंगाटात बुडालेला! पेशी काही सेकंदांची सरासरी काढते तेव्हा कुठे तो वर येतो.

ई. कोलायसारखे जिवाणू हा खटाटोप करत नाहीत. ते थोडं पोहतात आणि ‘मघापेक्षा आता बरं आहे का?’ एवढंच तपासतात. न्यूट्रोफिल मिनिटाला साधारण १० मायक्रोमीटर सरकते (अशा चित्रफिती वेग वाढवून दाखवतात). तिला तेवढी वाट बघणं परवडत नाही, म्हणून ती आपलीच दोन टोकं ताडून पाहते.

आता माझा आवडता भाग. ग्राही रेणू पुढच्या टोकाला गोळा होत असतील असं वाटतं ना? तसं होत नाही, ते सगळीकडे जवळपास सारखेच पसरलेले राहतात. भेद होतो तो आत. तुकडा चिकटला की ग्राही दोन परस्परविरोधी गोष्टी घडवतो, असं सध्याचं एक प्रमुख प्रारूप मानतं. ‘इथे पुढे सरक’ हा संकेत जिथल्या तिथे राहतो. ‘थांब’ हा संकेत मात्र पेशीभर पसरतो, म्हणून सगळीकडे सरासरीइतकाच असतो. पुढच्या टोकाला ‘सरक’ सरासरीहून किंचित जास्त, तिथे जीत त्याची; मागच्या टोकाला ‘थांब’ वरचढ. परीक्षेतल्या ६० गुणांचा अर्थ वर्गाची सरासरी कळल्याशिवाय लागत नाही, तसंच हे. शिवाय सरासरी वजा होत असल्यामुळे एकूण संहती दसपट झाली तरी पेशी गोंधळत नाही. उरलेला इवलासा फरक मग फुगवला जातो: पुढच्या पटलात (पेशीच्या बाहेरच्या आवरणात) पीआयपी३ हा मेदरेणू साठतो, तिथे रॅक नावाचं प्रथिन जागं होतं, ॲक्टिनचे तंतू वाढून पटल पुढे रेटतात, मागे रो हे प्रथिन मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाकडून शेपूट आवळून घेतं. हा ‘थांब’ संकेत नेमका कोणता रेणू पोचवतो, हे शोधता शोधता २०१२ साली न्यूट्रोफिलवरच्या प्रयोगांतून वेगळंच निघालं. पुढचं टोक पसरलं की सगळं पटल ताणलं जातं, आणि तो ताणच दुसरीकडे टोक फुटू देत नाही. निरोप्या रेणू नव्हे, चक्क दोरीसारखा ताण!

या यंत्रणेत जोर जितका महत्त्वाचा तितकाच लगाम. न्यूट्रोफिल आपल्याच ऊतींनाही जाळू शकणारी रसायनं घेऊन फिरते. तेव्हा ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्याला विचारावं, नक्की काय वाढवायचं? सरक की थांब?

आणि तो अपवाद. आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया मुळात जिवाणूंच्या वंशज, आणि स्वतःची मोजकी प्रथिनं त्या अजूनही फॉर्मिल मेथिओनिननेच सुरू करतात. जोराचा मुका मार बसून पेशी फुटल्या की हे तुकडे बाहेर सांडतात आणि न्यूट्रोफिल तोच उतार चढत तिथे पोचतात. त्वचा कुठे फाटलेली नाही, एकही जंतू आत शिरलेला नाही, तरी त्या जागी दाह होतो, त्यात सुमारे दीड-दोन अब्ज वर्षं जुन्या या पाहुण्यांचाही हात असतो.