राग गिळणं वेगळं, रागाचं भान वेगळं

इंदूरच्या मराठी घरांत ओळखीतलं कुणी विपश्यनेच्या ध्यानशिबिराचे दहा दिवस करून आलं की कौतुक ठरलेलं: ‘आता अगदी शांत झालाय, उलटून बोलतच नाही.’ हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं. शिबिरातलं मौन ही शिस्त आहे, ते दहाव्या दिवशी सुटतं. शिकायचं असतं ते अंगात उठणाऱ्या संवेदना पाहणं.

राग गिळणं कसं असतं ते नव्यानं सांगायला नको. ‘काही नाही’, ‘जाऊ दे’, आणि मग ओट्यावर जरा जोरात ठेवलेलं पातेलं. राग गिळणारं माणूस आणि रागाचं भान असलेलं माणूस, बाहेरून दोन्ही गप्पच दिसतात, म्हणून गल्लत होते. रोज किती मिनिटं ध्यानाला बसता, कोणत्या पद्धतीनं, हे सगळं दुय्यम.

फरक आहे तो लक्ष कुठे असतं यात. रामबागेतल्या घरात गणपतीला थोरल्या जाऊबाई येतात आणि विचारतात, ‘यंदा मोदक विकतचे वाटतं?’ गिळणारीचं सगळं लक्ष आपल्या चेहऱ्यावर: काही दिसायला नको. त्या पुढे काय म्हणाल्या ते कानावर पडतं, आत शिरत नाही. आणि राग लपतही नाही. एमिली बटलर, जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अनोळखी स्त्रियांना जोडीनं बोलायला बसवलं होतं. एकीनं भावना दाबल्या की दुसरीचा रक्तदाब वाढत होता.

भान असलेलीला आधी आपला आवळलेला जबडा जाणवतो. ‘लागलं मला हे,’ ती मनात म्हणते. एका श्वासाचं काम. मग लक्ष मोकळं होऊन जाऊबाईंकडे वळतं, आणि त्यांनी पिशवीतून आणलेला मोदकाचा साचा दिसतो. ‘वहिनी, लागलं हो मला. पण तुम्हाला घरी करायचे होते का?’

भान म्हणजे गोड बोलणं, असंही समजू नका. भानावर राहून ठणकावून ‘नाही’ म्हणता येतं, आणि मला तेच जास्त आवडतं. दुसऱ्याला ‘तू सजग नाहीस’ असं ऐकवणं मात्र मला अजिबात खपत नाही.

आपण राग गिळला की भान ठेवलं ते तपासायचं असेल, तर वाद झाल्यावर समोरच्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत आठवून पाहा. जेन रिचर्ड्स आणि ग्रॉस यांच्या २००० सालच्या प्रयोगांत, भावना दाबणाऱ्यांना त्या वेळी ऐकलेलं कमी आठवलं होतं.