पाणथळ सुरू होते ती बांधावर

जानेवारीत सकाळी नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीकाठी चापडगावच्या मनोऱ्यावर चढलं की आधी नजरेत भरतात ते वारकरी पक्षी. काळंभोर अंग, पांढरं कपाळ, आणि पाण्यावर थव्याथव्यानं चाललेली ये-जा. पलीकडे थापट्या, चक्रवाक आणि पाणकणसाच्या आडोशाला जांभळी पाणकोंबडी. सोबतचा गाईड बहुधा गावातलाच तरुण असतो. दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधीच तो आवाजावरून पक्षी सांगतो.

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमावर शंभर वर्षांपूर्वी बंधारा बांधला तो सिंचनासाठी. गाळ साठला, बेटं झाली, उथळ पाणी पसरलं, पक्षी आले. १९८६ मध्ये नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य झालं आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. हद्दीचे दगड मात्र पाणी अडवत नाहीत. इथे पोचणारं पाणी दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांमधून निथळत येतं. म्हणून या पाणथळीची तब्येत बागेच्या बांधावरच ठरते, असं माझं ठाम मत आहे.

आपण टाकलेल्या खतातलं सगळं नत्र (नायट्रोजन) वेल घेत नाही. उरलेलं पाण्यात विरघळून खाली झिरपतं. स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि जोराच्या पावसात मातीसकट ओढ्याला लागतो. दोन्ही उथळ पाण्यात पोचले की जलपर्णीचं फावतं. अनुकूल हवेत ती दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्याखाली ऊन पोचत नाही, पाण्यातल्या वनस्पती मरतात, आणि वारकऱ्यांचं मुख्य खाणं तेच. कुजताना प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात. यंत्र लावून जलपर्णी काढायलाच हवी, पण वरून खत वाहत राहिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

ओढ्याकाठी चार-पाच मीटर गवताची पट्टी राखली तर पाण्याचा वेग मोडतो आणि माती तिथेच बसते. मारवेल, पवना अशी गवतं लावली तर जनावरांना चाराही होतो. ओळींमध्ये ताग घेऊन फुलोऱ्याआधी गाडला की सेंद्रिय कर्ब वाढतो आणि माती पाणी धरून ठेवते.

याच पट्टीचा आणखी एक उपयोग आहे, तो मला सर्वात जवळचा. मिलीबग, म्हणजे द्राक्षवेलीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण, खोडाच्या सैल सालीखाली लपतो. त्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा मुंग्यांना आवडतो, म्हणून मुंग्या त्याची राखण करतात आणि शत्रूकिड्यांना हुसकावतात. त्याला खाणारा क्रिप्टोलेमस नावाचा भुंगेरा आहे. भुंगेरा तपकिरी-काळा, डोकं नारिंगी. त्याची अळी मात्र पांढऱ्या मेणचट झालरींनी झाकलेली, हुबेहूब मोठ्या मिलीबगसारखी. पांढरं दिसलं की फवारा, असं झालं तर आपलाच राखणदार मरतो. म्हणून भिंग घेऊन बघावं. आकारानं मोठी आणि पिठ्यांमधून चपळ फिरणारी असेल तर ती बहुधा अळीच. अशा मित्रकिड्यांना आसरा लागतो, परागकण आणि मध लागतो. फुलं असलेला बांध ते देतो, तणनाशकानं जाळलेला बांध देत नाही.

एकट्यानं पट्टी राखून ओढा सुधारत नाही, वरच्या-खालच्या सगळ्यांनी राखावी लागते. इथेच दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाखालच्या शेतकऱ्यांचं काम आठवतं. कादवेच्या खोऱ्यातल्या या शेतकऱ्यांनी १९९०च्या दशकापासून पाणीवापर संस्था उभ्या केल्या, पाणी मोजून घेतलं, मोजून पाणीपट्टी भरली. मोजलेलं पाणी माणूस जपून वापरतो. ठिबकाकडे वळतो, आणि मग मुळांखाली वाहून जाणारं नत्रही कमी होतं. पाण्याची पाळी ठरवायला भरणाऱ्या या बैठकांत एक विषय वाढवावा असं मनापासून वाटतं: आपापल्या ओढ्याची काठाची जागा कोण, किती राखणार. पेरणीआधी, मे महिन्यात, ओढ्यावरच उभं राहून ठरवलं तर उत्तम.