नाशिक क्षेत्रातील वंशावळीच्या वह्या

तीर्थयात्रेला आलेल्या यजमानाचे नाव, मूळ गाव, आडनाव, त्याचे पूर्वज आणि बरोबर आलेली माणसे यांची नोंद तीर्थोपाध्याय ज्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात, त्यांना वंशावळीच्या वह्या किंवा नामावळ्या म्हणतात. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यायांच्या घरी अशा वह्या आजही वापरात आहेत. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या मराठी माणसाला पणजोबांच्या पलीकडे नेणारे साधन म्हणून त्यांचे मोल फार मोठे आहे.

पणजोबांपाशी स्मरण थांबते, याचे एक कारण श्राद्धविधीतच सापडते. पार्वण श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह, तसेच माता, पितामही, प्रपितामही आणि आईकडील मातामहादी तीन पुरुष यांचा नामगोत्रासह उच्चार करावा लागतो; त्यामुळे तीन पिढ्यांची नावे घरात पाठ राहतात आणि चौथी हळूहळू विसरली जाते. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या गंगेवर, रामकुंडात, अस्थिविसर्जनासाठी, पिंडदानासाठी आणि गुरू सिंह राशीत असताना दर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थासाठी दूरदूरची कुटुंबे येत आली. विधीच्या वेळी नावे विचारायची, ती लिहून घ्यायची आणि पुढच्या पिढीला वाचून दाखवायची, अशा रीतीने या वह्या वाढत गेल्या. यजमानाने ‘आमचे तीर्थोपाध्याय हेच’ असे स्वतः लिहून दिलेल्या मजकुराला ‘लेख’ म्हणतात. उपाध्यायाच्या दृष्टीने तो हक्काचा पुरावा असतो, म्हणूनच या वह्या मालमत्तेप्रमाणे वारसाहक्काने जातात आणि भावांच्या वाटण्यांत विभागल्याही जातात.

वहीत घराणे सापडण्याची किल्ली म्हणजे मूळ गाव. उपाध्याय पहिला प्रश्न गावाचा विचारतात, आडनावाचा त्यानंतर. मुंबईला किंवा पुण्याला तीन पिढ्या राहिलेल्या माणसाला इथेच अडखळायला होते, कारण वहीत त्याचे घराणे निफाड, सिन्नर किंवा थेट कोकणातल्या एखाद्या खेड्याखाली असते. आडनावावर विसंबणेही धोक्याचे आहे. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वतनाची नावे होत. एकाच कुळाची एक शाखा वतनाचे नाव लावते आणि दुसरी जुने उपनाव, असे पुष्कळदा दिसते. शिवाय आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे एकाच वंशात तीच दोन नावे आलटून पालटून येतात आणि घाईने वाचणाऱ्याच्या हातून मधल्या दोन पिढ्या सहज गळतात.

जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत असतात. शिरोरेघ आधी आखून बोरूने सलग लिहिलेल्या या लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. मुलगा सांगताना ‘बिन’ किंवा ‘वलद’, पत्नी सांगताना ‘कोम’ असे शब्द जुन्या कागदांत येतात. ते माहीत नसले की त्यांचेच नाव होऊन बसते. कालगणनाही वेगवेगळ्या असतात. शालिवाहन शकात ७८ किंवा ७९, मराठेशाहीच्या कागदांत येणाऱ्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० आणि महसुलाच्या कामी वापरल्या जाणाऱ्या दख्खनी फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढतात. तिथी व महिना लिहिलेला असेल तर यांपैकी नेमका कोणता आकडा घ्यायचा ते ठरवता येते.

बहुतेक जण वहीतून फक्त नावांची साखळी उतरवून घेतात आणि वृक्ष काढतात. ही मोठी हानी आहे. नोंदीत कोण कोण बरोबर आले होते, कोणाच्या अस्थी आणल्या, अक्षर कोणाचे, सही कोणी केली, हे सारे असते. थरथरत्या हाताने स्वतः लिहिलेली पणजोबांची ओळ नुसत्या नावापेक्षा कितीतरी अधिक सांगते. कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या (तेथील तीर्थोपाध्यायांच्या) बह्यांवरून, म्हणजे वह्यांवरून, पहाडी चित्रकार नैनसुख आणि मानकू यांच्या घराण्याची जुळणी केली, ती अशा पूर्ण नोंदी बारकाईने वाचल्यामुळेच. म्हणून प्रत्येक नोंद तारखेसह, आहे त्या शब्दांत आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी रिकामी जागा सोडून उतरवावी.

या वह्यांत सर्वांची नोंद नाही. ज्यांना यात्रेचा खर्च पेलत नव्हता आणि ज्यांना देवळापासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले, त्यांचा इतिहास इतर कागदांत शोधावा लागतो. नाशिकच्याच पंचवटीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करावा लागला, हे येथे विसरता येत नाही. कोतवाल बुक म्हणून ओळखली जाणारी जन्म-मृत्यूची नोंदवही (गाव नमुना १४), वारस नोंदींचे फेरफार (गाव नमुना ६), शाळेचे जनरल रजिस्टर आणि पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर ही त्यांपैकी मुख्य साधने होत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर मोडी वाचणाऱ्यांची गरज जिल्ह्याजिल्ह्यांत भासू लागली.

वह्यांचे शत्रू जुनेच आहेत: कसर, वाळवी, ओल आणि नाशिकला विशेषतः गोदावरीचा पूर. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढले यावरून शहर पुराचा अंदाज घेते. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत घाटालगतच्या घरांत पाणी शिरले. सुती रुमालात बांधून, वेखंडाचे तुकडे घालून उंचावर ठेवण्याची पद्धत आजही उपयोगी आहे. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. छायाचित्र घेताना फ्लॅश टाळून खिडकीच्या उजेडात पूर्ण पान चारी कडांसह टिपावे, आणि त्याआधी उपाध्यायांची परवानगी घ्यावी. त्या वहीत इतर अनेक कुळांची माहिती असते.

मिळालेली वंशावळ नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकताना हयात व्यक्तींच्या जन्मतारखा वगळाव्यात. दत्तकविधान किंवा वारसा यांसंबंधीच्या नोंदी आधी त्या शाखेतील वडीलधाऱ्यांना दाखवाव्यात. नाशिकला गेल्यावर जुने वाचून परत न येता स्वतःच्या हाताने नवी नोंद करावी आणि तीत लेकी-सुनांची नावे माहेरच्या गावासह लिहावीत, कारण जुन्या पानांवर सर्वाधिक रिकाम्या जागा त्यांच्याच आहेत.