नॉर्थ कॅरोलायनातील मतदान-निर्बंध कायद्याविरुद्धचा लढा

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याने २०१३ मध्ये केलेल्या निवडणूक कायद्याला (हाउस बिल ५८९) कृष्णवर्णीयांच्या संघटना, चर्चची मंडळी, विद्यार्थी आणि वकील यांनी रस्त्यावर व न्यायालयात केलेला विरोध. भारतात लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांत मतदारयादीपासून मतदानापर्यंत सगळे निवडणूक आयोग पाहतो. अमेरिकेत नावनोंदणी कशी करायची, मतदान किती दिवस चालायचे, ओळखपत्र कोणते लागायचे, हे बहुतांशी त्या त्या राज्याचे विधिमंडळ ठरवते.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्यानुसार, वर्णभेदाचा इतिहास असलेल्या प्रदेशांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्र सरकारची मंजुरी घ्यावी लागे. नॉर्थ कॅरोलायनातील १०० पैकी ४० काउंट्यांना (जिल्ह्यांसारखे विभाग) ही अट लागू होती. २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात ती निष्प्रभ केली. त्यानंतर काही आठवड्यांतच राज्यातील रिपब्लिकन बहुमताने मुख्यतः ओळखपत्रापुरते असलेले विधेयक कितीतरी वाढवून मंजूर केले आणि १२ ऑगस्टला गव्हर्नर पॅट मॅक्रोरी यांनी त्यावर सही केली. मुदतपूर्व मतदानाचे, म्हणजे निवडणुकीच्या दिवसाआधीच मत देता येण्याचे, १७ दिवस १० वर आले. त्या काळात मतदान केंद्रावर नाव नोंदवून तिथेच मत देण्याची सोय गेली. १६-१७ वर्षांच्या मुलांची आगाऊ नोंदणी बंद झाली. छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले, पण विद्यापीठाचे चालणार नव्हते.

कायद्यात वर्णाचा उल्लेख कुठेच नव्हता. परंतु कृष्णवर्णीय मतदार मुदतपूर्व मतदानाच्या पहिल्या आठवड्यात तुलनेने अधिक संख्येने मतदान करत, आणि रविवारची प्रार्थना आटोपली की चर्चच्या गाड्यांतून मंडळी थेट केंद्रावर जात. मुदत कमी झाल्याने असा एक रविवारच हातचा गेला.

एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे राज्यप्रमुख रेव्हरंड विल्यम बार्बर यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल २०१३ पासूनच राज्याची राजधानी रॅले इथे ‘मॉरल मंडे’ (नैतिक सोमवार) आंदोलन सुरू होते. शाळा, आरोग्यसेवा, बेकारभत्ता यांतील कपातींबरोबर मताचा प्रश्नही त्यात आला. सोमवारी लोक विधानभवनात जमत, गात, प्रार्थना करत आणि हटायला नकार देऊन अटक करवून घेत. त्या वर्षी ९०० हून अधिक जणांना अटक झाली.

खटल्यातील एक प्रमुख वादी रोझॅनेल ईटन तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या होत्या. १९४० च्या दशकात मतदार म्हणून नाव नोंदवायला त्या खेचराच्या गाडीतून कोर्टात गेल्या, तेव्हा तिथल्या तीन गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांना राज्यघटनेची प्रस्तावना तोंडपाठ म्हणायला लावली होती. त्यांनी ती न अडखळता म्हटली. आता त्यांच्या वाहन परवान्यावरचे आणि मतदारयादीतले नाव जुळत नव्हते, म्हणून म्हातारपणी पुन्हा कचेऱ्यांचे खेटे नशिबी आले. कागदाची एवढीशी तफावत एखाद्याचे मत कसे अडवू शकते, हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणी दाखवले नसेल.

२९ जुलै २०१६ रोजी संघीय अपील न्यायालयाने या पाचही मुख्य तरतुदी रद्द केल्या. पाचवी तरतूद चुकीच्या केंद्रावर दिलेली मते न मोजण्याबाबत होती. कोणता वर्णगट कोणती सोय वापरतो याची आकडेवारी विधिमंडळाने आधी मागवली होती, हे न्यायालयाने नोंदवले. जवळजवळ शस्त्रक्रियेच्या नेमकेपणाने कृष्णवर्णीयांना लक्ष्य केल्याचा ठपका ठेवला. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील ऐकण्यास नकार दिला.

ओळखपत्राची सक्ती मात्र परत आली. २०१८ मध्ये मतदारांनीच घटनादुरुस्तीने ती मान्य केली, आणि त्यावर आधारित कायदा एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. याच न्यायालयाने काही महिन्यांपूर्वी तो रद्द केला होता; तिथे न्यायाधीशही निवडून येतात, आणि मधल्या निवडणुकीत त्यांचे बहुमत बदलले. २०२३ च्याच स्थानिक निवडणुकांपासून अंमलबजावणी सुरू झाली.